पोळ्याच्या दिवशी बाहेरून लागलेली कडी

ती घटना मी विसरलो असं म्हणालो, तर आमच्या सौभाग्यवतीच मला खोट्या साक्षीबद्दल आत टाकतील. घरात ती इतक्या वेळा सांगून झाली आहे. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले, अंबडच्या बाजारात एका बोकडावरून दोन गावं एकमेकांवर धावून गेलेली पाहिली. त्या दिवशी मी एकट्यानं चाळीस माणसं आवरली. आमचे जमादार म्हणायचे चौदा. पण जमादारांची नजर अधू होती. ही हकीकत मात्र मी फुगवणार नाही. ती आहे तशीच पुरेशी आहे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. मी अंबड तालुक्यातल्या एका ठाण्याचा फौजदार होतो. ठाणं म्हणजे निजामाच्या काळातली दगडी इमारत, दोन खोल्या, एक कोठडी, आणि फक्त उतारावर चालू होणारी एक जीप. त्यामुळे जीप कायम टेकाडावर उभी. गुन्हा चढाच्या बाजूला घडला, तर आरोपीला अर्धा तास जास्त मिळायचा.

हद्दीत एक मोठं गाव होतं. नाव देत नाही. गावाबाहेर धान्याचं जुनं सरकारी गोदाम: दगडी भिंती, वर पत्रे, एकच लाकडी दार. त्या गोदामात उन्हाळ्यापासून सात कुटुंबं राहत होती. शेजारच्या जिल्ह्यातून आलेली. तिकडे त्यांच्या गावात तंटा पेटला, घरं मोडली, पाणी बंद झालं, आणि एका दुपारी ही माणसं डोक्यावर भांडी घेऊन चालत आमच्या तालुक्यात आली. तहसीलदारांनी गोदामाचं कुलूप काढून दिलं. त्यांची जात मी इथं लिहीत नाही. लिहिली की वाचणारा आधी बाजू ठरवतो आणि मग पुढचं वाचतो, हा माझा अनुभव आहे.

पावसाळा लागला तशी गावात बोलवा उठली, की हे लोक आता जात नसतात, सरकार ह्यांना गोदामामागचं गायरान देणार आहे. बोलवा उठवणारे होते गावचे पुढारी. सगळे त्यांना आण्णा म्हणत. रेशनचं दुकान त्यांचंच, त्यामुळे साखर, रॉकेल आणि अफवा, तिन्ही एकाच ठिकाणी मिळायचं.

मग पोळा आला. सात कुटुंबांत मिळून एक पांढरा बैल होता. त्यांनी तो नाल्यावर धुतला, शिंगांना हिंगूळ लावला, गळ्यात घुंगरमाळ घातली. त्यांच्यातली एक म्हातारी, कारभार तिच्याच हातात होता, आण्णांना विचारायला गेली की आमचा बैल सगळ्यांच्या शेवटी तोरणाखालून नेऊ का. आण्णा म्हणाले, "तोरण गावाचं हाय माय. तुमचा बैल गावाचा न्हाई."

म्हातारी तडक ठाण्यात आली. तक्रार द्यायला नव्हे. म्हणाली, "साहेब, वाद नको. मिरवणुकीच्या येळेला आमी दार लावून आत बसतो. बैल भायेर ऱ्हाईल पत्र्याखाली. तुमी फकत ध्यान ठिवा."

मी ध्यान ठेवलं, पण चुकीच्या जागी. भांडण झालंच तर वेशीत होईल, म्हणून होते तेवढे सगळे शिपाई वेशीत उभे केले. गोदामाला एकही नाही. ही माझी चूक. ती स्टेशन डायरीत सापडणार नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

मिरवणूक ऐन रंगात आली, वाजंत्री एवढी की शेजारच्याशी बोलायला हातवारे करावे लागत होते, आणि तेवढ्यात गोदामाकडून धूर वर आला. कोणीतरी दाराबाहेरच्या सरपणाच्या ढिगावर आणि दारावर रॉकेल ओतून काडी लावली होती. काडी लावण्याआधी दाराची कडी बाहेरून घातली होती.

आत सगळी मिळून एकतीस माणसं. धान्याच्या जुन्या लाकडी फळ्या एकावर एक रचून बाप्ये वर चढले, मागच्या बाजूचा पत्रा खांद्यांनी उचकटला आणि लेकरं, बाया एकेक करून वर ओढून काढली. तोवर म्हातारी दार ढकलत उभी होती. दोन्ही तळहात भाजले. माणूस कोणी गेलं नाही. दार पाव तासात कोळसा झालं.

मी पोचलो तेव्हा आण्णा आधीच हजर होते. कपाळाला गुलाल, हातात पाण्याची बादली. "चूल कलंडली असंल फौजदारसाहेब. पुरणपोळीचा सण, ह्यांनाबी कधी नव्हं ते तळणबिळण करावं वाटलं असंल."

"चूल आत आहे आण्णा," मी म्हणालो. "जळालंय बाहेरून."

पंचनामा सुरू केला. जळक्या फळ्या उलथताना कडी आणि कोयंडा सापडले. लोखंड ते, जळत नाही; कडी कोयंड्यात घातलेली तशीच होती. मी ती पंचांसमोर उचलली, कापडात बांधून सील केली. प्रथम खबर म्हातारीची घेतली. सही येत नव्हती, आणि अंगठा घ्यायचा तर दोन्ही हातांना डॉक्टरांच्या पट्ट्या. शेवटी पायाचा अंगठा घेतला आणि तसं कारण लिहिलं.

एक गोष्ट मला बोचत होती. गोदामाच्या भिंतीला ज्या खुंट्याला बैल बांधलेला होता, तो खुंटा काळा पडला होता. बैल मात्र शंभर पावलांवर निंबाखाली, धुराच्या उलट्या अंगाला, कासऱ्यानं नीट बांधलेला आणि पुढे हिरव्या वैरणीची पेंढी.

मी त्या लोकांना विचारलं, "बैल कोणी सोडला?"

एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. सगळे आत होते. बैल सोडणारा बाहेर होता.

मी जमादारांना बाजूला घेतलं. "जमादार, ह्या बैलाला आत्ताच्या आत्ता ट्रकमध्ये घालून ठाण्यात न्या. झाकून न्या. आणि गावात बोलायचं, की धुरानं छाती भरली, दवाखान्यात नेला."

"आणि तिथं?"

"तिथं तो मेला. पण ते कोणाला सांगायचं नाही, वेळ आली की मीच सांगेन."

जमादार बैलाकडे बघून म्हणाले, "साहेब, आज पोळाये. आजच्या दिशी तरी असं बोलू नये."

"मी बोलतोय. पाप माझं. तुम्ही फक्त ट्रक बघा."

त्या बैलानं ठाण्याच्या मागं तीन दिवस मुक्काम केला आणि आरोपीच्या भत्त्यापेक्षा दुप्पट खाल्लं. कोठडीतला एक चोर तर म्हणाला, पुढच्या वेळी मला बैल म्हणून अटक करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोदामावर गेलो तर सातही कुटुंबांची गाठोडी बांधून तयार. म्हातारी गाठोड्यावर बसलेली.

"कुठं निघालात?"

"रस्ता नेईल तिकडं."

"माय, तुम्ही गेलात तर ही केस गेली. साक्षीला कोण उभं राहणार, ती कडी?"

"अन् आमी राह्यलो तर आमीच जाऊ." तिनं पट्ट्या बांधलेले हात माझ्यापुढं धरले. "साहेब, मागच्या गावातून निघालो तवाबी फौजदार म्हणला, ऱ्हावा, मी हाय. तो हाय अजून. आमचं घर न्हाई."

मी तिच्या शेजारच्या गाठोड्यावर बसलो. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की जाळणाऱ्याला गोदामाशी कर्तव्य नव्हतं. त्याला ही गाठोडी बांधलेली बघायची होती. सात कुटुंबं आज रस्त्याला लागली, तर गुन्हा पुरा झाला. आणि उद्या तालुक्यात कुठंही कोणी आश्रयाला आलं, तर त्याला हाकलायला एक डबा रॉकेल पुरतं, हे सगळ्यांना कळलं असतं. आरोपी पकडणं हे निम्मं काम. ह्या लोकांना इथून हलू न देणं हे उरलेलं.

म्हणालो, "चार दिवस द्या. चार दिवसांत आरोपी पकडला नाही, तर मी स्वतः गाडी करून देईन, आणि जीप ढकलायलाही उतरीन. तोवर माझे दोन शिपाई इथंच राहतील, इथंच जेवतील."

तिनं दाराच्या जळक्या चौकटीकडं पाहिलं. मग म्हणाली, "नवीन दार बशीवणार का?"

"आजच बसवतो."

"भायेरून कडी नको त्येला."

"कडी कुठून देऊ माय? ती माझ्या मुद्देमालात सीलबंद आहे."

ती हसली. आगीनंतर पहिल्यांदा.

आता तपास. गावात जो तो एकच सांगे: "आमी समदे वेशीत होतो." पाचशे माणसं एकमेकांची साक्षीदार. असा भक्कम पुरावा मी आयुष्यात पाहिला नाही. मी दिवसभर चौकात चहा पीत बसलो. बावीस कप झाले. मोजणारा मीच होतो, तेव्हा शंका घेऊ नये.

संध्याकाळी गावचे शिंपी समोर येऊन बसले. म्हातारे, पांढरी दाढी, चष्म्याला दोरी. सगळे त्यांना मास्टर म्हणत. गावातल्या बैलांच्या झुली तेच शिवायचे, आणि दर पोळ्याला वेशीजवळ उभं राहून आपल्या हातची झूल कशी दिसते ते बघायचे.

"साहब," ते हळूच म्हणाले, "यंदा बारा जोड्यांच्या झुली शिवल्या. बाराच्या बारा तोरनाखालून गेल्या. बराबर मोजल्या मी."

"मग?"

"अकरा मालकांसंगं गेल्या."

मी कप खाली ठेवला.

शेती न करणाऱ्या वाचकासाठी सांगतो. वर्षभर बैल सालगड्याच्या हातात असतील, पण पोळ्याला तोरणाखालून जाताना कासरा मालकाच्या हातात असतो. ताप असला तरी माणूस घोंगडी पांघरून येतो. तो मान कोणी दुसऱ्याला देत नाही.

"बारावी जोडी कोणाची?"

मास्टरांनी नाव सांगितलं. तिशीतला शेतकरी, स्वतःचं रान, आण्णांच्या मागंपुढं करणारा. "निळी झूल, किनारीला आरसे. कासरा सालगड्याकडं होता. मी इचारलं त्येला, मालक कुटं रे? तर म्हनला, येऊन राह्यले. आले न्हाई साहब. मंग धूर आला." चष्म्याची दोरी सारखी करत ते म्हणाले, "मला हितंच ऱ्हायचंय. पन बिलकुल झोप न्हाई आली. दार लावून जाळनं बराबर न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्याला ठाण्यात बोलावलं. चौकशी म्हटली की लोकांना वाटतं पट्टा काढला असेल. माझ्या हाताची ख्याती अशी होती, की मी नुसती बाही वर केली तरी परतूरपर्यंतचे पाकीटमार शरण यायचे. पण पट्ट्यानं माणूस आपल्याला हवं ते बोलतो, खरं बोलत नाही. मी त्याला चहा दिला आणि टेबलावर घुंगरमाळ ठेवली.

तो माळेकडे बघत राहिला.

"कुठं होतास पोळ्याला?"

"वेशीत. समद्या गावानं पाह्यलं."

"बरं. जा मग. ही माळ घेऊन जा, गोदामावर त्या लोकांना दे. त्यांचा बैल गेला काल."

"गेला?" तो उठता उठता थांबला. "गेला म्हंजी?"

"मेला. धूर छातीत गेला."

"कसा जाईल? धूर तर तिकडं जातच नव्हता!" त्याचा आवाज चढला. "मी त्येला निंबाला…"

बाहेर जमादार टंकलेखन यंत्र बडवत होते, ते थांबले. आणि नेमक्या त्या क्षणी मागच्या अंगणात तो मेलेला बैल हंबरला.

त्यानं खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खाली बसून रडायला लागला. खरं सांगतो, त्याला सुटका झाल्यासारखं वाटलं होतं. बैल जिवंत होता म्हणून.

"काहून सोडलास बैल?"

"पोळा होता साहेब. पोळ्याच्या दिशी बैल कसा जाळू? नरकातबी जागा मिळंना."

"आत एकतीस माणसं होती."

"आण्णा म्हणले, मरत न्हाईत. पत्रा काढून पळत्येत."

"मग कडी काहून लावली?"

तो माळेतला एक घुंगरू फिरवत राहिला. "भेवावं म्हणून," तो म्हणाला. "नुसती आग लागली तर पुन्ना येऊन राहत्येत. कडी लागल्यावर पुन्ना कुटंच न्हाई राहनार. आण्णा म्हणले व्हते, असं करायचं का आजूबाजूच्या धा गावांत कुनी ह्येंना थारा न्हाई दिला पायजे."

त्या काळी दहशतवादाविरुद्ध एक कडक कायदा होता, टाडा म्हणत त्याला. त्यातली दहशतीची व्याख्या मी पाठ केली होती, चांगली लांबलचक. ह्या माणसानं ती माझ्यासमोर दोन शब्दांत करून टाकली.

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. म्हणून त्याच दुपारी पंच घेऊन त्याच्या रानात गेलो. त्यानं स्वतः कडब्याच्या गंजीत हात घालून रॉकेलचं भांडं काढून दिलं. ते पाहून जमादारांनी माझा हात दाबला. घाईत ह्या शहाण्यानं डबा न घेता दुकानातलं पाच लिटरचं मापच उचलून नेलं होतं. मापावर वजनमापं खात्याचा शिक्का आणि क्रमांक. तोच क्रमांक आण्णांच्या दुकानाच्या तपासणी दाखल्यावर. आण्णा म्हणाले, माप चोरीला गेलं. मी विचारलं, तक्रार कधी दिली? ते म्हणाले, आता देतो. मी म्हणालो, या ना, ठाण्यातच चाललोय आपण.

म्हातारीनं निरोप पाठवला होता, की आण्णाला बेड्या घालून गावातून फिरवा. मी नाही म्हणून कळवलं. माणसाला गावादेखत भेदरवणं हाच तर त्यांचा धंदा होता. तो मी वर्दीत करणार नव्हतो. जीप वेशीबाहेरून काढली. उतार होता, लगेच चालू झाली.

त्यानंतर मी माझ्या अक्षरात नऊ पानी प्रस्ताव लिहिला: ह्या दोघांवर टाडा लावावा. तो घेऊन जालन्याला पोलीस अधीक्षकांपुढं उभा राहिलो.

साहेबांनी वाचला आणि चष्मा काढला. "फौजदार, दहशतवादी म्हणजे बॉम्ब, बंदुका. हे रेशनचं रॉकेल आहे."

"साहेब, बॉम्ब असता तर एकदाच मेले असते. ही माणसं एका गावातून पळून आली, इथून पळाली असती, पुढच्या गावातही दार लावायला भ्याली असती. सरकारनं दिलेला आसरा होता तो. जाळलं एक गोदाम, धमकी दहा गावांना. ह्याला दहशत नाही तर काय म्हणायचं?"

"दहशतच म्हणायचं," साहेब शांतपणे म्हणाले. "तुमचा मुद्दा मला मान्य आहे. हा कायदा मान्य नाही. ह्यात एकदा आत गेलेला माणूस वर्षानुवर्षं जामिनाशिवाय सडतो. उद्या तुमची बदली होईल. तुमच्या खुर्चीत आण्णांचा मित्र येईल. तो हेच नऊ पानांचं लिखाण उचलून कोणावर लावील, विचार करा."

कोणावर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं गोदामातली माणसंच आली. राग मात्र आला होता. त्या रागात नंतर स्टँडवर भज्यांच्या सात प्लेटा खाल्ल्या.

"पण दहशत हा शब्द काढू नका," मी निघालो तेव्हा साहेब म्हणाले. "दोषारोपपत्रात हेतू लिहायचा असतो. तिथं लिहा. चूल कलंडली म्हणणाऱ्यांना तो वाचू द्या."

मी तो लिहिला. घर जाळणं, खुनाचा प्रयत्न, कोंडून ठेवणं, कट, ही कलमं साध्या भारतीय दंडविधानाची. हेतूपुढं लिहिलं: 'आश्रयास आलेल्या लोकांनी दहशतीने तालुका सोडावा व अन्य गावांनी त्यांना आश्रय देऊ नये.' सरकारी वकिलांनी जामिनाच्या अर्जाला विरोध करताना हे वाक्य तीनदा वाचलं, आणि आण्णांचा जामीन तीनदा फेटाळला गेला.

खटला उभा राहिला तेव्हा सातांपैकी सहा कुटुंबं गोदामातच होती. मास्टरांनी झूल हातात धरून साक्ष दिली. मग म्हातारी पिंजऱ्यात आली. बचावाचे वकील औरंगाबादहून आलेले, मोठे नावाजलेले. म्हणाले, "आजी, हा दहशत शब्द तुम्हाला फौजदारांनीच शिकवला ना?"

"त्यो काय शिकवल?" तिनं माझ्याकडं हनुवटीनं दाखवलं. "त्येच्या दाराला कधी कुनी भायेरून कडी लावली का? मी सांगितलं, त्येनं लिवलं."

न्यायाधीशांनी मान खाली घालून लिहून घेतलं. आमच्या जमादारांना ते वाक्य एवढं आवडलं, की पुढे वर्षभर ते मला ऐकवत राहिले.

दोघांनाही सक्तमजुरी झाली. अपिलात आण्णांची शिक्षा थोडी कमी झाली, रद्द झाली नाही. टाडा कायदा पुढे संपुष्टात आला, आणि ते बरंच झालं, असं मला आता वाटतं. पण निराश्रितांच्या डोक्यावरचं छप्पर जाळणं हा दहशतवादच आहे, हे माझं मत आजही तसूभर बदललेलं नाही. कायद्याचं नाव काय द्यायचं ते वरचे लोक ठरवोत. तपास मात्र त्याच ईर्षेनं झाला पाहिजे: काडी लावणाऱ्यापाशी थांबायचं नाही, काडी देणाऱ्यापर्यंत जायचं, आणि सगळ्यात आधी, ज्यांना पळवायचं होतं त्यांना पळू द्यायचं नाही.

निवृत्तीआधी नव्या फौजदारांना शिकवायला मला बोलवायचे. मी त्यांना सांगायचो, आगीच्या पंचनाम्यात काय काय जळालं ते लिहायला भरपूर जागा असते. कोण निघून जावं म्हणून जाळलं, ते लिहायला रकानाच नसतो. समासात लिहा. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा.